पहिल्या भाकरीचा पापुद्रा

“फेरिटिन सहाशे चाळीस,” डॉक्टर मगदूम मॅडम कागदावरची नजर न काढता म्हणाल्या, आणि मी शालनकडं बघून मिशीवरून बोट फिरवलं.

शालन, माझी बायको, डायलिसिसच्या खुर्चीत पाय लांब करून पडली होती. तिच्या डाव्या हातातलं रक्त एका नळीनं मशीनमध्ये जात होतं आणि साफ होऊन दुसऱ्या नळीनं परत येत होतं. दर सोमवारी आणि गुरुवारी चार-चार तास. दोन्ही किडन्या निकामी होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

“सहाशे चाळीस म्हंजे लई का थोडं?” तिनं विचारलं.

“अंगात लोहाचा साठा किती आहे, ते ह्या आकड्यावरून कळतं, मावशी. तुमच्यासारख्या डायलिसिसच्या पेशंटला दोनशेच्या वर असला तर आम्ही बरा म्हणतो.”

“आणि हिचा सहाशे चाळीस!” मी म्हणालो. “मॅडम, आता विचारा, तवा कुणाचा?”

“कसला तवा?”

“झालं सुरू,” शालन म्हणाली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर मिस्त्री होतो. सत्तावीस वर्षं बीड, म्हणजे ओतीव लोखंड वितळवलं, दुसरं काही मला आलं नाही. शालनच्या अंगात रक्त कमी आहे आणि रक्ताला लोह लागतं, असं डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला लाजच वाटली. दिवसाला चार टन लोखंड माझ्या डोळ्यांसमोरून वाहतं आणि घरातल्या बाईला चिमूटभर मिळू नये? मी मालकांना विचारलं. घरातला जुना पत्र्याचा तवा वाळूत दाबून साचा केला आणि शनिवारच्या शेवटच्या ओतकामात उरलेल्या रसातून शालनसाठी बिडाचा तवा ओतला. वजन साडेचार किलो भरलं.

“हा चुलीवर ठेवायला तुमची भट्टीवरची चार माणसं रोज पाठवून द्या,” ती म्हणाली होती. पहिले तीन दिवस भाकरी काळी झाली. मग तवा वळणावर आला. त्याच्यावर भाकरी अशी टम्म फुगायची की बघत राहावं. शालन जाऊन आता तीन वर्षं होतील. तवा अजून आहे, आणि तो मलाही जड लागायला लागला आहे.

तर मी मॅडमना तव्याची सगळी हकिकत सांगितली. साचा कसा केला तेही सांगितलं. मगदूम मॅडम वयानं आमच्या पुतणीएवढ्या, पण ऐकून घ्यायच्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “काका, तव्यानं एवढं होत नाही. आणि किडनीच्या आजारात पोटातलं लोह रक्तात फारसं जातच नाही. म्हणून तर आम्ही सुईतून देतो.”

“मग सहाशे चाळीस आलं कुठनं?”

“तेच बघायचंय.”

“बघा म्हंजे,” मी शालनला म्हणालो. “मॅडमना पण माहीत नाही. तवाच आहे.”

“ह्यास्नी वाटतंय, मी तवा चावून खाल्ला,” शालन डोळे न उघडता म्हणाली. शेजारच्या खुर्चीतले गुरुजी मशीनला जोडलेले असून खदाखदा हसले आणि त्यांच्या मशीननं शिट्टी वाजवली. सिस्टर धावत आल्या.

पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागदाचं दुसरं पान उलटलं. “साठा एवढा आहे, पण हिमोग्लोबिन बघा. मागच्या महिन्यात साडेआठ होतं. आज सात पॉइंट चार. रक्त वाढवायचं इंजेक्शन दर आठवड्याला देतोय, त्याचा काही उपयोग होत नाही. सातच्या खाली गेलं, तर रक्त चढवावं लागेल.”

शालननं डोळे उघडले.

रक्त चढवणं म्हणजे काय, ते आम्हाला दोघांना पाठ होतं. शालनची थोरली बहीण मालनआक्का तिला किडनी देणार होती. सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या, सरकारी कमिटीचा कागद झाला होता, पुण्याच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली होती. सव्वीस ऑक्टोबर. सात आठवडे उरले होते. आणि पुण्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की जिवावर बेतल्याशिवाय हिला कुणाचं रक्त चढवू नका. परक्याचं रक्त अंगात गेलं की अंग परक्याला ओळखायला शिकतं आणि मग आक्काची किडनीही परकी म्हणून हाकलून देऊ शकतं. मग जुळलेलं सगळं पुन्हा तपासायचं. जुळलं तर जुळलं.

आणि ही दुसरी तारीख होती. पहिली जूनमध्ये ठरली होती. ऐन वेळी शालनला ताप आला आणि तारीख हुकली. तेव्हा आक्काची पोरं बिथरली. आईची किडनी काढायला त्यांची मुळातच नाखुशी. आक्का त्यांच्यासमोर दोन दिवस जेवली नाही तेव्हा कुठं पोरं पुन्हा तयार झाली, पण “ही शेवटची” असं म्हणूनच.

“आणखी एक तपासणी करते,” मॅडम म्हणाल्या. “सोमवारी कळेल. तोपर्यंत काही दुखलं-खुपलं, ताप आला, तर लगेच सांगायचं. मावशी, आत्ता काही त्रास?”

“काय बी न्हाई,” शालन म्हणाली. “खाऊन-पिऊन खुशाल.”

“पाणी किती पिताय?”

“तेवढं सोडून खुशाल.”

शनिवारी आक्का आली. ती गडहिंग्लजकडची. एसटीतून उतरली की आमच्या घरी येऊन आधी तांब्याभर पाणी प्यायची. शालनला दिवसाला तीन फुलपात्रं पाण्याची मुभा, आणि ही तिच्यासमोर उभी राहून घटाघटा तांब्या रिकामा करणार.

“आक्का, जरा आत जाऊन पी की,” मी म्हणालो.

“का? पाव्हणं, हे मी माझ्यासाठी पीत न्हाई. हिच्या किडनीला पाजतीया. माझ्याकडं ठेवाय दिलीया नव्हं? पाण्यावाचून वाळली तर म्हनंल, आक्कानं नीट सांभाळली न्हाई.”

“सांभाळ बाई,” शालन म्हणाली. “पन माझ्याकडं आल्यावर तिला तुझी सवय लागलेली असंल. दिसभर बडबडंल.”

“तुझ्या पोटात गेल्यावर बोलायला संधी मिळंल तर ना!”

दोघी बहिणींचं असं चालायचं. मला त्यात कधी शिरता आलं नाही.

शालन भाकरीला बसली. तिला उभं राहून स्वयंपाक करवत नव्हता म्हणून मी शेगडी खाली पाटावर मांडून दिली होती. तवा मात्र मीच उचलून ठेवायचो. आता इथं पापुद्र्याचं सांगायला हवं.

आमच्या लग्नापासून पहिल्या भाकरीच्या पापुद्र्यावरून आमची भांडणं व्हायची. ज्वारीची भाकरी फुगते, वरचा पातळ थर सुटतो, जरा खरपूस, कुरकुरीत. त्यावर चमचाभर तूप सोडलं की बाकी काही लागत नाही. शालनचं म्हणणं, जिनं हात भाजून घेतले तिचा पापुद्रा. माझं म्हणणं, पहिलं ताट घरधन्याचं. मी म्हणणं मांडेपर्यंत ती पापुद्रा तोंडात टाकून मोकळी व्हायची. कधी मी खिडकीकडं बोट दाखवून “मांजर बघ” म्हणायचो आणि तेवढ्यात उचलायचो. आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्यामुळं मुलांसारखं वागायला घरात आम्ही दोघंच होतो. तीस वर्षांत मला पापुद्रा मिळाला असेल तो शंभरात दहा वेळा, तोही मांजराच्या कृपेनं.

पण गेला महिनाभर चमत्कार झाला होता. भाकरी फुगली की शालन पापुद्रा अलगद काढायची आणि काही न बोलता माझ्या ताटात ठेवायची. स्वतः खालचा मऊ भाग आमटीत चुरून खायची. पहिल्या दिवशी मी संशयानं उलटा करून बघितला, काही लावलंय की काय म्हणून. मग सवय झाली. आजारानं माणूस मऊ होतं, असं मी मनाशी ठरवलं. खरं सांगायचं तर सुखावलो होतो. भट्टीवर दोघा-तिघांना सांगितलंही.

त्या दिवशीही तिनं पापुद्रा माझ्या ताटात ठेवला. आक्कानं घास तसाच हातात धरला.

“काय गं शाले? पाव्हण्यास्नी पापुद्रा?”

“मग? नवरा हाय माझा.”

“नवरा लग्नात बी हुताच की. घास भरवताना बोट चावलं हुतंस त्यांचं. रगत आलतं.”

“तेव्हा ओळख नव्हती,” मी म्हणालो. “आता माया लागलीय.”

आक्का शालनकडं बघत राहिली. शालन तव्याकडं बघत राहिली. “जेव तू,” ती म्हणाली. “किडनीला भूक लागली असंल.”

आक्का गप्प बसली. ती गप्प बसली तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण माझ्या तोंडात पापुद्रा होता.

सोमवारी हिमोग्लोबिन सात पॉइंट एक आलं.

मॅडम स्टूल ओढून आमच्यापाशी बसल्या. डॉक्टर उभ्या उभ्या बोलतात तेव्हा ठीक असतं. स्टूल ओढलं की मी शालनच्या पायापाशी सरकायचो.

“गुरुवारी जी तपासणी केली तिला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन म्हणतात,” त्या म्हणाल्या. “काका, असं समजा की साठा यार्डात पडलाय आणि तिथून भट्टीपर्यंत न्यायला गाड्या आहेत. शंभर गाड्यांमधल्या किती भरून निघाल्या, ते हा आकडा सांगतो. निदान वीस तरी हव्यात. मावशींच्या अकराच भरल्यात.”

“यार्डात सहाशे चाळीस आणि गाड्या रिकाम्या?”

“हो.”

“मग यार्डाला कुलूप आहे,” मी म्हणालो.

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या.

“आमच्याकडं झालं होतं, मॅडम. मी लागून दोन वर्षं झाली असतील. यार्डात चोर शिरतात म्हणून मालकांनी रातोरात यार्डाला कुलूप ठोकलं आणि किल्ली घेऊन गावाला गेले. आत पिगची, कच्च्या लोखंडाच्या लाद्यांची रास, भंगाराचा डोंगर. आणि इकडं भट्टी तापून माल माल करतीय. दोन दिवस आम्ही नुसती वाळू चाळत बसलो. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, किती माल हाय ह्यांच्याकडं!”

“अगदी हेच,” मॅडम म्हणाल्या. “अंगात कुठं जंतू शिरले, सूज आली, की शरीर लोह कोंडून ठेवतं. जंतूंनाही वाढायला लोह लागतं ना, त्यांना मिळू नये म्हणून. त्या कोंडाकोंडीत फेरिटिनचा आकडा फुगतो. कागद बघणारा म्हणतो, भरपूर आहे. आणि रक्त तयार करणारी भट्टी उपाशी.”

“म्हणजे माझ्या तव्याचं…”

“तव्याचा ह्यात काही हात नाही, काका.”

“कळलं ना आता?” शालन म्हणाली. “गावभर सांगून आलाय.”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मॅडम पुढं बोलत होत्या. “सूज दाखवणारी दुसरी तपासणीही वाढलेली आलीय. म्हणजे चोर शिरलाय हे नक्की. तो सापडला तर कुलूप निघेल, मग सुईतून लोह देता येईल आणि रक्त न चढवता वेळ निभावेल. नाही सापडला, तर गुरुवारी मला रक्त चढवावंच लागेल. मावशी, नीट सांगा. ताप?”

“न्हाई.”

“खोकला? लघवीला जळजळ?”

“न्हाई. लघवी हुतीया कुठं जळायला?”

“कुठं गळू, जखम? ह्या सुईच्या जागी दुखतं?”

“न्हाई.”

“कान, घसा, दात?”

“काय बी न्हाई हो, मॅडम. मी बरी हाय. तुमची मशीनच वर-खाली दाखवती.”

मॅडमनी तिचा हात बघितला, छाती तपासली, पोट दाबून बघितलं. तोंड उघडायला सांगितलं तेव्हा शालननं दोन बोटं जातील एवढंच उघडलं आणि लगेच मिटून म्हणाली, “तहानेनं कोरडं पडलंय.” तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीवर कुणाला तरी उलटी झाली आणि मॅडम तिकडं धावल्या.

अकरा वाजले होते. मी डबा उघडला. शालन पहाटे उठून भाकरी करायची, मग आम्ही निघायचो. तिच्या उजव्या हाताशी डब्याचं झाकण ठेवलं. तिनं एका हातानं पापुद्रा सोडवला आणि माझ्यापुढं धरला.

मी घेतला. तोंडाकडं नेला. आणि तसाच थांबलो.

सत्तावीस वर्षं भट्टीवर काढल्यावर एक कळतं. रस ओतताना सगळं नेहमीपेक्षा सुरळीत चाललं, की मिस्त्री मागं सरकतो. कुठंतरी काहीतरी चुकलेलं असतं.

“शालन,” मी म्हणालो, “हा तू खा.”

“तुमी खावा.”

“नको. आज तुझा.”

“अवो, खावा की. सगळी बघत्यात.”

“बघू देत. तीस वर्षं माझ्या हातातनं ओढून खाल्लास. आज मी देतोय, तर खा.”

“मला भूक न्हाई.”

“मग गुरुजींना देतो,” मी म्हणालो आणि शेजारी हात केला.

“द्या, द्या,” गुरुजी म्हणाले. त्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं.

एरवी हिच्या समोरून पापुद्रा तिसऱ्या माणसाला गेला असता तर मशीनसकट उठली असती. आज गप्प राहिली. मी पापुद्रा परत तिच्यापुढं धरला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पापुद्र्याकडं, आणि रागानं एक तुकडा मोडून तोंडात टाकला. आधी डाव्या गालात सारला. जरा वेळ नुसताच धरून ठेवला, मऊ व्हायची वाट बघत. मी हललो नाही. मग तिनं चावला.

तिच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. आवाज मात्र काढला नाही. शालनच ती.

“मॅडम!” मी तिथूनच ओरडलो. “चोर सापडला! दाढेत हाय!”

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. “वरडू नगासा,” शालन उजवा गाल धरून म्हणाली. “बसा खाली. अवो, बसा की.”

मॅडमनी बॅटरी लावून तोंड बघितलं. आता तिला पूर्ण उघडावंच लागलं. उजव्या बाजूची खालची शेवटची दाढ आतून पोखरली होती आणि हिरडी सुजून टरारली होती.

“किती दिवस झाले?” मॅडमचा आवाज पहिल्यांदाच चढला.

“झालं असतील… महिना, दीड महिना.”

“आणि सांगितलं नाहीत? मी गुरुवारी विचारलं. आज विचारलं. लवंग तरी किती दाबून ठेवलीय ह्यात!”

मला सकाळी तोंडाला लवंगेचा वास यायचा. मी समजलो होतो, पाणी कमी प्यायचं म्हणून चघळते.

“सांगितलं असतं तर तुमी पुण्याला कळवलं असतं,” शालन म्हणाली. “जंतू हायत म्हनून त्यांनी तारीख पुढं ढकलली असती. मागं ढकलली तशीच. आक्काची पोरं आता थांबायची न्हाईत. म्हनलं, दोन महिनं दाढ काय, गाल चावून काढीन. एकदा आपरेशन झालं की मग बघू.”

“मावशी, दाढ तशी ठेवून त्यांनी तुम्हाला टेबलावर घेतलंच नसतं. आणि तोवर रक्त एवढं उतरलं असतं की…” मॅडम थांबल्या. शालनचं तोंड बघून थांबल्या असाव्यात. आवाज खाली आणून म्हणाल्या, “तारीख वाचवायला लपवलंत, आणि त्या लपवण्यानंच तारीख जात होती.”

शालननं गालावरचा हात काढला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “आणि हे बघा! महिनाभर पापुद्रा खाऊन माया लागलीय म्हनं. एवढी माया कुठं असती व्हय, येड्यागत!”

“मला वाटलं, आजारानं सुधारलीस.”

“सुधारतीया! दाढ निघू द्या, मग बघा.”

ते ऐकून गुरुजी पुन्हा हसले आणि त्यांच्या मशीननं पुन्हा शिट्टी मारली. पापुद्र्याचा उरलेला तुकडा त्यांनी मागून घेतला. मी दिला.

दुसऱ्याच दिवशी, डायलिसिस नसलेला दिवस धरून, दाढ काढली. आत केवढा पू साठला होता. दातांचे डॉक्टर म्हणाले, एवढं दुखणं घेऊन ह्या बाई झोपत कशा होत्या? मी शेजारीच झोपत होतो आणि मलाही सांगता आलं नाही. दाढ त्यांनी कापसात गुंडाळून दाखवली. ती एवढीशी आणि चार टन मालाचं यार्ड अडवून बसलेली.

आक्काला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “मला शनिवारीच शंका आलती. शालीनं पापुद्रा सोडला म्हंजे काय तरी हाय.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते. पन तुमी एवढं खुशीत खात हुतासा, पाव्हणं. म्हनलं, मरू दे.”

गुरुवारी मॅडमनी रक्त तपासलं. सहा पॉइंट नऊ. सातच्या खाली. शालन खुर्चीत ताठ बसून राहिली. मॅडमनी तिला वॉर्डात चालायला लावलं, धाप लागते का बघितलं, हृदयाचा ईसीजी काढला. मग म्हणाल्या, “दाढ निघालीय, अँटिबायोटिक चालू आहे. तुमचं हृदय टिकून आहे. पुण्याशी बोलले मी. आणखी एक आठवडा थांबू. पण रोज मला फोन करायचा, आणि आता काही लपवलंत तर मी स्वतः घरी येऊन रक्त चढवीन.”

तो आठवडा मी कसा काढला, ते सांगत नाही. पुढच्या गुरुवारी सहा पॉइंट नऊच होतं. पण उतरलं नव्हतं. सूज दाखवणारा आकडा निम्म्यावर आला होता. त्या दिवशी मॅडमनी सलाइनमधून लोहाचं पहिलं औषध लावलं. बाटलीत गडद तपकिरी पाणी. गंज धुतल्यावर निघतं तसं.

“हे बघ,” मी शालनला म्हणालो. “हे माझ्या ओळखीचं हाय.”

“मग आता ह्याच्यावर पन सांगा, मीच ओतलं म्हनून.”

मग सात पॉइंट तीन झालं. मग सात पॉइंट नऊ. गाड्या अकराच्या चोवीस भरायला लागल्या. रक्त वाढवायचं तेच इंजेक्शन आता लागू पडायला लागलं. फेरिटिन मात्र सहाशे चाळीसवरून चारशेवर आलं, आणि मॅडम त्याचा आनंद मानायला लागल्या. मला तो आकडा उतरताना बघून उगीच हळहळ वाटायची. माझ्या तव्याला मिळालेली ती एकुलती एक शाबासकी होती.

ऑपरेशनच्या आधी शेवटचं हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन आलं. रक्ताची एकही पिशवी न चढवता. सव्वीस ऑक्टोबरला पुण्याला दोघी बहिणींना शेजारशेजारच्या खोल्यांत नेलं. आक्काला शुद्ध आली तेव्हा मी तिथं होतो. तिनं डोळे अर्धे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, “मुतली का?”

“मुतली,” मी म्हणालो. “टेबलावरच.”

“माझी किडनी हाय ती,” आक्का म्हणाली आणि परत झोपली.

तीन महिन्यांनी शालननं घरी पहिल्यांदा उभं राहून भाकरी केली. तवा तिनं स्वतः उचलला. भाकरी फुगली, पापुद्रा सुटला. मी मुद्दाम हात पुढं केला. तिनं माझ्या मनगटावर उलथनं मारलं, पापुद्रा उचलला आणि माझ्या डोळ्यांत बघत सावकाश, कुरकुर आवाज करत, डाव्या बाजूनं खाल्ला. उजवीकडं दाढ नव्हती ना. मला आयुष्यात कशात हरून एवढं बरं वाटलं नाही.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. हे शालनला कधी सांगितलं नाही. दर महिन्याला तिचे रक्ताचे रिपोर्ट व्हायचे. किडनी कशी चाललीय ते सांगणारं क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, साठा, गाड्या, सगळं. मी फाइल सांभाळायचो. पण रोज सकाळी पहिली भाकरी फुगली, की मी पापुद्र्याकडं हात न्यायचो आणि वाट बघायचो. हातावर फटका बसला, की दिवस बरा. तिला वाटायचं, ह्यास्नी अक्कल येत नाही. मॅडमचे कागद चार दिवसांनी यायचे. मला आधी कळायचं.

नऊ वर्षं फटका बसला. एकदा उलथनं तापलेलं होतं, त्याचा डाग अजून मनगटावर आहे.

मग श्रावणातला एक मंगळवार. बाहेर ऊन पडलं होतं. शालननं भाकरी थापली, तव्यावर टाकली, ती नेहमीसारखी फुगली. मी हात पुढं केला. तिनं पापुद्रा काढला, त्यावर तूप सोडलं आणि माझ्या ताटात ठेवला.

“दात दुखतोय?” मी विचारलं.

“न्हाई हो. दात कशाला दुखतोय.” ती तव्याकडं वळली. “आज नगं वाटतंय. तुमी खावा.”

ती पुढची भाकरी थापत होती आणि मधूनच मागं वळून बघत होती. म्हणून मी पापुद्रा खाल्ला. सगळा. मग हात धुतला आणि कपाटातली फाइल काढली.